साडी कुठवर पोचली?

माझ्याकडून माहेश्वरी घेणाऱ्या बायका साडीबद्दल जेवढं विचारतात, त्याहून जास्त पार्सलबद्दल विचारतात. किनार कोणती, पदरावर पट्टे किती, रेशीम किती आणि सूत किती, हे एकदा बोलून झालं आणि पैसे आले की खरे प्रश्न सुरू होतात. निघाली का? कुठवर आली? परवापासून एकाच ठिकाणी का दिसतेय? पुण्याच्या ताई विचारतात, ठाण्याच्या विचारतात. मेलबर्नची एकजण तिच्या सकाळी, म्हणजे माझ्या मध्यरात्री विचारते. मला हे प्रश्न आवडतात. जिची कुणी वाट बघत नाही अशी साडी विकून मला काय करायचंय?

मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. विणकरांकडून साड्या आणायच्या, पुढच्या खोलीत उजेड चांगला असतो तेव्हा फोटो काढायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे आणि ज्यांनी घेतल्या त्यांना पाठवायच्या, एवढाच माझा उद्योग. पण पाठवण्याचं काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. काउंटरवर स्वतः जाते, पावती हातात घेऊन नंबर तिथेच वाचून बघते, आणि साडी पोचेपर्यंत रोज तो नंबर टाकून पाहते. विनाकारण जीव टांगणीला लावून बसलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, आणि जिथे हालचाल करायला हवी तिथे निर्धास्त राहिलेल्याही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

नंबर टाकल्यावर फोनवर दिसणारी ओळ तुमचं पार्सल आत्ता कुठे आहे ते सांगत नसते. त्याच्या बारकोडला शेवटचं यंत्र कुठे आणि किती वाजता लागलं, एवढंच ती सांगते. त्यानंतर पार्सल पाचशे किलोमीटर पुढे गेलेलं असेल, किंवा तिथेच एखाद्या कोपऱ्यात पडलेलं असेल. फोनवर दोन्ही सारखीच दिसतात.

मला हे मामंजींमुळे उमगलं. ते आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रभर धावत्या गाडीतल्या डाकेच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची. गावाचं नाव पुरतं वाचून होण्याआधीच हात त्या खणाकडे गेलेला असायचा, असं ते सांगत. मग खणातला गठ्ठा थैलीत, थैलीला लेबल, सुतळी आणि वर लाखेचं सील. ते म्हणायचे, "थैली बांधली की आतलं पत्र विसरायचं. आता सांभाळायची ती थैली."

लाख गेली, बारकोड आला, पण पद्धत तीच आहे. स्पीड पोस्टच्या पानावर ‘आयटम बॅग्ड’ असं दिसलं की समजावं, आपली साडी इतर पुष्कळ पार्सलांबरोबर एका थैलीत गेली. थैलीला स्वतःचा नंबर असतो आणि यापुढे स्कॅन होते ती थैली. इंदूरच्या एनएसएचमधून, म्हणजे मोठ्या सॉर्टिंग केंद्रातून निघालेली थैली पुण्याच्या एनएसएचला उघडेपर्यंत आतल्या साडीला स्वतःचा स्कॅन मिळतच नाही. ती वेळ रस्त्यात जाते, आणि त्या वेळात ओळ हलली नाही तर काही बिघडलेलं नसतं.

म्हणून मी ओळ कोणती यापेक्षा ओळ कुठे थांबली ते बघते. ‘डिस्पॅच्ड’नंतरची शांतता मला घाबरवत नाही. ‘रिसीव्ह्ड’नंतरची घाबरवते. पार्सल वाटपाच्या पोस्टात पोचलं, तशी ओळ उमटली, आणि त्यानंतर दोन कामाचे दिवस गेले तरी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ येत नाही, तर तिथे काहीतरी अडलंय. पत्ता सापडत नसेल, फोन लागत नसेल, पार्सल दुसऱ्याच बीटच्या, म्हणजे दुसऱ्या पोस्टमनच्या भागाच्या ढिगात गेलं असेल. अशा वेळी वाट बघू नये. गिऱ्हाइकाला मी सांगते, पावतीचा नंबर घेऊन सरळ त्या पोस्टात जा. आपल्या भागातल्या पोस्टात माणसं असतात आणि समोर उभं राहून विचारलं की शोधतात. फोनवरून करायचं असेल तर १८०० २६६ ६८६८ हा पोस्टाचा टोल फ्री नंबर आहे.

पार्सल आडवाटेला लागण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे पिनकोड. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतचे कवी, आणि नोकरी डाक-तारेत. इंदूरचे मराठी लोक हे नाव विसरतात याचं मला वाईट वाटतं, कारण आपली रोजची पत्रं आणि पार्सलं त्यांच्याच हिशेबाने फिरतात. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना मिळून ४ आहे, त्यामुळे माझं इंदूरचं ४५२ आणि माहेरचं पुण्याचं ४११ एकाच घरातले वाटतात. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट सांगतात. म्हणजे शेवटच्या तिनांत चूक झाली तर पार्सल निदान त्याच भागात भटकतं. सुरुवातीला चूक झाली तर गावच बदलतं. कोथरूडच्या एका ताईंनी मेसेजमध्ये ४११०३८ च्या जागी ४४१ ने सुरू होणारा पिन लिहिला होता. ४४१ म्हणजे नागपूरकडचा भाग. पत्त्यात ‘कोथरूड, पुणे’ स्वच्छ होतं, पण यंत्र आधी आकडे वाचतं. तेव्हापासून पैसे आल्यावर मी पूर्ण पत्ता परत लिहून पाठवते, पिन वेगळ्या ओळीत लिहिते, आणि ‘बरोबर’ असं उत्तर आल्याशिवाय पार्सल शिवत नाही.

नंबराचंही तसंच. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. त्याच्या पावतीवर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी ‘आयएन’ असतं. परदेशी टपालाच्या नंबराचा साचाही नेमका हाच. जागतिक टपाल संघाने, म्हणजे १८७४ साली बर्नला स्थापन झालेल्या यूपीयूने, सगळ्या देशांसाठी तो ठरवून दिलाय. पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर ईएमएस, म्हणजे परदेशी स्पीड पोस्ट, ‘आर’ रजिस्टर्ड, ‘सी’ पार्सल. शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची. नऊ आकड्यांतले पहिले आठ खरे, नववा त्या आठांवरून काढलेला. माझ्या भाचीने मला तो कागदावर काढून दाखवला. आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं आणि बेरीज करायची. १२३४५६७८ घेतलं तर बेरीज २०४ येते. ११ ने भागलं की बाकी ६. अकरातून सहा गेले, उरले ५. म्हणून नववा आकडा ५. उत्तर दहा आलं तर ० लिहायचं, अकरा आलं तर ५. गिऱ्हाइकाने एखादा आकडा चुकीचा टाकला की बहुतेक वेळा हा नववा आकडा जुळत नाही आणि वेबसाइट नंबर घेतच नाही. ‘तुमचा नंबर चालत नाहीये’ असा मेसेज आला की मी आधी विचारते, शून्याच्या जागी ओ तर टाकला नाही ना?

खाजगी कुरियरने पाठवते तेव्हा काळजी वेगळी. तिथे ओळी भरपूर असतात, पण शेवटच्या ओळीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. एका कुरियरच्या पानावर रात्री पावणेनऊला ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ उमटलं. ताई घरी, फोन हातात, दारात कुणी आलेलं नाही, कॉलही नाही. अशा ओळीला धंद्यात एनडीआर म्हणतात. एनडीआर साधारण तीनदा लागला की पार्सल आरटीओ होतं, म्हणजे परत माझ्याकडे, आणि दोन्ही वेळचं भाडं मला. म्हणून खोटी ओळ दिसली की त्याच रात्री तक्रार नोंदवायची, घरी असल्याचं लिहून द्यायचं, दुसरा फोन नंबर द्यायचा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की तोपर्यंत दुसरा एनडीआर लागलेला असतो.

पण मी वाटप करणाऱ्या पोरांच्या बाजूनेही बोलेन. सकाळी गाडीवर चढलेला सगळा माल एकदम ‘आउट फॉर डिलिव्हरी’ होतो आणि तो संध्याकाळपर्यंत उतरवायचा असतो. आमच्याकडे येणारा मुलगा उन्हात "आंटी, ओटीपी बता दो" म्हणत उभा असतो तेव्हा त्याच्या मागे अजून केवढं ओझं असतं. त्याला पत्ता शोधायला लागू नये, एवढं आपण करू शकतो. गल्लीचं नाव, मजला, जवळचं देऊळ किंवा शाळा, आणि दुपारी घरी असेल त्याचा नंबर. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणलंय. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा एक पत्ता. माझ्या गिऱ्हाइकांत तो अजून कुणी लिहीत नाही, पण नव्या कॉलन्यांत, जिथे घरांना नंबर आहेत आणि रस्त्यांना नावं नाहीत, तिथे तो उपयोगी पडेल असं मला खरंच वाटतं.

आता परदेश. इथेच सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते, म्हणून जरा सावकाश सांगते.

टपालाने परदेशी जाणाऱ्या पार्सलाच्या ओळींमागे जगभर एकच यादी असते, ईएमए पासून ईएमआय पर्यंत. ईएमए म्हणजे बुकिंग. ईएमबी म्हणजे आपल्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसात, जिथून परदेशी टपालाची ये-जा होते तिथे, पोचलं. माझी पार्सलं बहुतेक मुंबईहून जातात. ईएमसी म्हणजे तिथून निघालं. ईएमडी म्हणजे समोरच्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसात पोचलं, ईएमई म्हणजे तिथल्या कस्टम्सने अडवलं, ईएमएफ तिथून पुढे निघालं, ईएमजी वाटपाच्या पोस्टात, ईएमएच प्रयत्न झाला पण देता आलं नाही, ईएमआय पोचलं. आपल्याला पानावर इंग्रजी वाक्यं दिसतात, पण क्रम हाच.

यातली ईएमसी आणि ईएमडी यांच्या मधली शांतता सगळ्यात लांब. ‘मुंबईहून निघालं’ ही ओळ थैली बंद होऊन विमानासाठी सोपवली तेव्हाच उमटते. मग विमानात जागा मिळायची, कधी मधल्या एखाद्या देशात उतरायचं, तिथून दुसरं विमान, आणि तिकडे पोचल्यावर थैली उघडायला तिचा नंबर लागायचा. या साऱ्या काळात आपलं पार्सल थैलीतच असतं. मामंजींच्या भाषेत, विसरायचं. पहिल्यांदा परदेशी पाठवणाऱ्यांना मी पैसे घेण्याआधीच सांगते की मध्ये बरेच दिवस एकही ओळ दिसणार नाही. आधी सांगितलं की माणूस शांतपणे वाट बघतो.

आणि एक अतिशय कामाची गोष्ट. समोरच्या देशात पोचल्यावर तोच तेरा अक्षरांचा नंबर तिथल्या पोस्टाच्या वेबसाइटवर टाकायचा. अमेरिकेत यूएसपीएस, ब्रिटनमध्ये रॉयल मेल, ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलिया पोस्ट. आपल्याकडच्या पानावर यायला वेळ लागणाऱ्या ओळी तिथे आधी दिसतात. सगळं एकत्र बघायचं असेल तर १७ट्रॅकसारख्या साइट आहेत. फेडेक्स, डीएचएल, यूपीएस यांचं तंत्र वेगळं. तिथे घरापासून घरापर्यंत एकाच कंपनीची माणसं आणि एकच यंत्रणा, त्यामुळे ओळी दाट येतात. फेडेक्सने आपल्या माणसांच्या हातात सुपरट्रॅकर नावाचं स्कॅनर दिलं तेही १९८६ मध्येच. एकीकडे आपलं स्पीड पोस्ट सुरू होत होतं आणि दुसरीकडे दारात उभं राहून स्कॅन करायची सवय लागत होती. सोय मोठी, पण भाडंही मोठं, आणि एका साडीला ते नेहमी परवडत नाही.

कस्टम्सच्या कागदावर काय लिहिता यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘कपडे’ लिहिलं की अधिकाऱ्याला पार्सल उघडूनच बघावं लागतं. मी सीएन २३ वर, म्हणजे त्या कस्टम्सच्या कागदावर, लिहिते: हातमागाची साडी, रेशीम आणि सूत, बायकांसाठी, एक नग, वजन, खरी किंमत. १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या पार्सलाची माहिती आधीच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने समोरच्या देशाला पाठवावी लागते, म्हणून काउंटरवरच्या माणसाने ती नीट टाइप केली की नाही ते मी वाकून बघते. २०२२ पासून डाक निर्यात केंद्रं झाली आणि निर्यातीचं पोस्टल बिल घरून भरता यायला लागलं, तेव्हापासून माझ्यासारख्या घरून विकणाऱ्या बाईला खरोखर हात मिळाला. विकलेली साडी मी ‘भेट’ म्हणून कधीच पाठवत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

याचं मोल मला २०२५ च्या ऑगस्टमध्ये कळलं. सुदामानगरच्या एका मावशींनी अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या भाचीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी माहेश्वरी घेतली. मी ऑगस्टच्या मध्याला बुक केली. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. टपालाच्या पार्सलांवरचा कर कुणी, कुठे आणि कसा गोळा करायचा हे वेळेत स्पष्ट झालं नाही आणि विमान कंपन्या अमेरिकेचं टपाल उचलेनात. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग थांबवलं. आधी पत्रं, कागदपत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी चालू ठेवल्या होत्या, महिनाअखेरीला त्याही थांबल्या. फक्त भारताचं नव्हे, जगातल्या ऐंशीहून अधिक टपाल खात्यांचं अमेरिकेकडे जाणारं टपाल त्या दिवसांत पूर्ण किंवा अर्धवट बंद होतं.

मावशींच्या साडीची ओळ मुंबईवर थांबली. गणपती बसले, ओळ तीच. अनंत चतुर्दशीला इंदुरात झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघाल्या, रस्ते रात्रभर जागे होते, आणि मावशी गर्दीतून मला फोन करून विचारत होत्या, "अगं, हलली का?" हलली नव्हती. मी त्यांना खोटी आशा दिली नाही. पार्सल हरवलेलं नाही, मुंबईत सुरक्षित आहे, पुढे जाण्याची वाट मात्र बंद आहे, एवढंच रोज सांगितलं. या काळात तो नंबर माझ्या कामी आला तो असा. कुठे आहे हे ठाऊक असल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. आम्ही ती परत मागवली. डोहाळजेवण दुसरी साडी नेसून झालं.

१५ ऑक्टोबरला अमेरिकेचं टपाल पुन्हा सुरू झालं, दिवाळीच्या तोंडावर. आता कर इथेच आधी भरायचा होता, त्या वेळी जाहीर किमतीच्या ५० टक्के. मावशींनी रक्कम ऐकली, थोडा वेळ गप्प बसल्या, आणि म्हणाल्या, "पाठव." कर आधीच भरलेला, कागदावर खरी किंमत आणि खरं वर्णन, त्यामुळे यावेळी तिकडच्या कस्टम्सची ओळ आली आणि लगेच मागे पडली. भाचीने ती बारशाला नेसली. फोटो आला तेव्हा मी आधी किनार बघितली, पाण्यात कुठे भिजली तर नाही ना म्हणून.

एका गोष्टीबद्दल मात्र मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पार्सलची वाट बघणाऱ्या माणसाच्या काळजीवर जगणारे चोर. ‘तुमचा पत्ता अपुरा आहे, बारा तासांत अपडेट करा’ असा मेसेज, खाली एक लिंक, आणि लिंकवर पाच-पंचवीस रुपये भरायला सांगून कार्डाची माहिती काढून घेणं. किंवा डिलिव्हरीवाला बनून ‘स्टार चारशे एक’ने सुरू होणारा नंबर डायल करायला लावणं, ज्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि बँकेचा ओटीपीही त्यालाच ऐकू येतो. वळवलेले कॉल बंद करायला ##००२# डायल करायचं. आणि सगळ्यात वाईट तो फोन, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवरून हलायचं नाही’. डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंना असा फोन आला तेव्हा त्या थरथरत माझ्याकडे आल्या, आणि आल्या म्हणूनच वाचल्या. फोन ठेवायचा, घरातल्या कुणाला तरी लगेच सांगायचं, पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर. नंबर तपासायचा तो स्वतः वेबसाइट उघडून, मेसेजमधल्या लिंकवरून कधीही नाही.

परदेशी टपाल पार्सलाची चौकशी बुकिंगपासून सहा महिन्यांच्या आत करता येते, पण मी एवढं थांबू देत नाही. ठरलेल्या मुदतीवर दोन आठवडे गेले की अर्ज देते, आणि त्यासाठी प्रत्येक पावतीचा फोटो बुक केल्याच दिवशी काढून ठेवते, कारण त्या कागदावरची शाई लवकर उडते.

तुमचं काही अडलं असेल तर लिहा, साडी माझ्याकडून घेतलेली नसली तरी चालेल. नंबर, बुकिंगची तारीख, कुठून कुठे, आणि पानावरची शेवटची ओळ जशीच्या तशी. पैसे, ओटीपी, आधार यातलं काही मला पाठवू नका. रात्री जेवणं झाली की मी नंबर बघायला बसते, तेव्हा तुमचाही बघेन.